बियाण्याची चार पोती

नोटीस शुक्रवारी आली आणि रविवारी ती पाठवणारा स्वतः जेवायला आला.

सईबाईचं चौथं मासिक श्राद्ध होतं. व्यंकटेश तिचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला येऊ नको म्हणणं तिच्या नवऱ्याच्या, मानाजींच्या, तोंडून निघालं नसतं, आणि बहिणीच्या पानाला न येण्याची हिंमत व्यंकटेशला झाली नसती. रेड हिल्सची त्याची भाताची गिरणी शहराच्या एका टोकाला, पेरुंगुडीचा हा फ्लॅट दुसऱ्या टोकाला. तरी बायकोला, कनकाला, घेऊन तो साडेदहाला सातव्या मजल्यावर हजर. हातात केळीच्या पानांची गुंडाळी. चपला काढल्या, बहिणीच्या फोटोपुढं वाकला, आणि सरळ होता होता त्याची नजर गेली ती फोटोखाली भिंतीला टेकून उभ्या असलेल्या चार पोत्यांकडे.

मानाजींनी ती नजर पाहिली. आवडी गावच्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं रणगाड्यांचे गिअरबॉक्स तपासले होते. खोट कुठं आहे हे यंत्र सांगत नाही, यंत्र घेऊन येणाऱ्याचे डोळे सांगतात, हे ते तिथंच शिकले.

जेवणं शांतपणे झाली. कुणी नोटिशीचं नाव काढलं नाही. व्यंकटेशनं सांबार दोनदा मागून घेतलं आणि म्हणाला, "अक्काच्या हातची चव हरिप्रियेला आली हो." हरिप्रिया मानाजींची सून. ती मान खाली घालून वाढत राहिली. बँकेच्या लीगल खात्यात ती नोकरीला होती. शेतमाल तारण, गोदामाच्या पावत्या, हे तिचं रोजचं काम. नोटीस तिनं शुक्रवारीच तीनदा वाचली होती आणि सासऱ्यांना एवढंच म्हणाली होती, "अप्पा, त्यांना जेवू द्या. मग बोलू."

पानं उचलली गेली. व्यंकटेशनं हात पुसले आणि सोफ्यावर न बसता खुर्ची ओढून पोत्यांजवळ बसला.

"भावजी," तो म्हणाला, "कागद मिळाला का?"

"मिळाला."

"रागावला नाही ना? वकिलाची भाषा तशीच असते. नुसती एक फॉर्मॅलिटी."

"नाही रागावलो," मानाजी म्हणाले. "फक्त मला त्यातलं एक कळलं नाही. खाली सही तुझी होती, की वकिलाची?"

"माझीच."

"मग भाषाही तुझीच."

अक्षत मध्ये पडला. मानाजींचा एकुलता एक मुलगा, ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर. त्याला भांडण सोसत नसे. लहानपणी आईबाप मोठ्यानं बोलले की तो गच्चीवर जायचा. आता या इमारतीची गच्ची कुलपात असते. "अप्पा, प्लीज," तो म्हणाला. "मामा काय म्हणतात ते आधी ऐकून तर घ्या. ते परके आहेत का?"

"ऐकतोच आहे की."

व्यंकटेशनं सुरुवात केली. त्याचं म्हणणं खोटं होतं असं नाही, म्हणूनच ते ऐकायला जड जात होतं. ओरत्तनाडूजवळची चार एकर जमीन सईबाईला तिच्या आईकडून आलेली. कार्तिगै महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सईबाई गेली तेव्हा भात शेतात उभं होतं. तै महिन्यात, संक्रांतीनंतर, ते पिकलं. इकडं मानाजी खोलीत कोंडून घेऊन बसलेले. फोन उचलायचे नाहीत, दाढी करायचे नाहीत. मग व्यंकटेशनंच कापणीचं यंत्र आणलं, माणसं लावली, लॉरी करून सगळं भात रेड हिल्सला नेलं, आपल्या ड्रायरमध्ये वाळवलं, साफ केलं, पोती भरली. बासष्ट. त्यातली अठ्ठावन्न त्याच्या गिरणीत होती. ही चार इथं.

"मी नसतो तर ते भात चिमण्यांनी खाल्लं असतं," तो म्हणाला. "बरोबर का चूक?"

"बरोबर," मानाजी म्हणाले.

"मग माझा त्यावर हक्क आहे की नाही? माझी मेहनत त्यात गेली आहे. कायदा सांगतो, ज्यानं मालावर मेहनत केली त्याला त्याचं मिळेपर्यंत माल अडवून ठेवता येतो. लिएन म्हणतात त्याला. बासष्टच्या बासष्ट पोत्यांवर माझा लिएन आहे. ही चार इथं आली, ती परत द्या. हिशेब मिटला की सगळी घेऊन जा. नाहीतर..."

"नाहीतर?"

"नाहीतर सोपा रस्ता आहे. जमीन मला मक्त्यानं लिहून द्या. मी कसतो. वर्षाला तुम्हाला घरबसल्या तांदूळ. तुम्ही या वयात कुठं चिखलात उतरणार? भावजी, रोप कुठल्या महिन्यात टाकतात, सांगा बघू?"

मानाजींना सांगता आलं नाही. सईबाई पंचवीस वर्षं रात्रीच्या बसनं ओरत्तनाडूला जायची आणि तिसऱ्या दिवशी पायांना भेगा घेऊन परत यायची. तेव्हा ते म्हणायचे, बाजारात तांदूळ मिळत नाही का? ती म्हणायची, मिळतो, पण हा मिळत नाही. याच्या पुढं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला ती नव्हती, आणि ही लाज ते कुणाला दाखवणार नव्हते.

"अप्पा, मामांचं प्रॅक्टिकल आहे," अक्षत म्हणाला. "मी ओरगडमहून शेत बघू शकत नाही. तुम्ही बघू शकत नाही. देऊन टाका."

"आणि ही चार पोती?"

"पोत्यांचं काय एवढं?"

मानाजी उठले, पोत्यांपाशी गेले आणि एकावर हात ठेवून उभे राहिले. "ही पोती नव्हेत रे. हे बी आहे. तुझी आई दरवर्षी शेतातून एकेक कणीस निवडायची. एकोणीस वर्षं. तूयमल्ली ही भाताची जात दुकानातही मिळते, पण ती निराळी. ही तिनं केलेली आहे. शेवटची शेतावर गेली तेव्हा रोपं हिरवी होती, तरी बांधाकडच्या चार वाफ्यांना लाल चिंध्या बांधून आली. म्हणाली, यंदाचं बी इथलं. तुझ्या मामाला विचार."

व्यंकटेशनं मान हलवली. त्याचा आवाज खाली आला. "त्या वाफ्यांत मी यंत्र घातलं नाही. विळ्यानं कापून घेतलं. निराळं वाळवलं, तिथंच खळ्यावर उन्हात, ड्रायरमध्ये नाही. अक्काचं बी मला काय ठाऊक नाही?"

"मग तेच परत मागतोस?"

"कायद्यानं मागतो."

"ह्या बियाशिवाय मला पेरता येणार नाही, म्हणून मागतोस. अठ्ठावन्न पोती ठेवून तुझं पोट भरतंय. ही चार तुला हवीत ती माझे हात बांधायला."

व्यंकटेश उभा राहिला. कनका एवढा वेळ स्वयंपाकघराच्या दारात बसून विड्याच्या पानाला चुना लावत होती, तिचं बोट थांबलं.

"बोला की मग कायद्यानंच," हरिप्रिया म्हणाली.

ती सासऱ्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. हातात नोटीस होती. अक्षतनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू घरातलाच कुणी फितूर झाला.

"मामा, मला तुम्ही लहान म्हणाल. पण हे माझं रोजचं काम आहे. कापणी झालेल्या पिकावर लिएन सांगायचा तर नुसती मेहनत पुरत नाही. मी विचारते, तुम्ही सांगा. ह्यात बोअरवेलचा खर्च धरला आहे तुम्ही. ती बोअर कधी मारली?"

"बारा वर्षं झाली. अक्काच्या शेतात माझ्या पैशानं."

"ह्या भातावर त्या बोअरचं काय काम झालं?"

"पाणी नको का पिकाला?"

"तसं म्हटलं तर सासूबाईंच्या आजोबांनी बांध घातला, त्यांचाही लिएन लागेल. नाही मामा. ज्या मालावर काम केलं, त्याच मालावर, त्याच कामाच्या मजुरीपुरतं अडवता येतं. जुनी बाकी त्यात ओढता येत नाही. जुन्या बाकीसाठी माल धरायची मुभा बँकेसारख्या मोजक्यांना आहे. गिरणीवाला त्यात नाही."

"बरं, बोअर सोड. वाळवणी, सफाई, कापणी?"

"वाळवणी आणि सफाई, हो. तो तुमचा खरा हक्क. काम तुम्ही पुरं केलंत, वेळेत केलंत, माल सुधारला. कापणीवर वाद घालता येईल, कारण तेव्हा तुम्हाला कुणी कापायला सांगितलं..."

"घालू नकोस," मानाजी म्हणाले. "त्यानं कापलं ते कापलं. कापणीचं मी देणार."

हरिप्रियेनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. "ठीक. कापणी धरली. आता पुढचं. नोटिशीत लिहिलंय, पंधरा दिवसांत मिटलं नाही तर भात दळून विकू. ते जमणार नाही. असा लिएन म्हणजे अडवून ठेवायचा हक्क. विकायचा नाही. विकलंत तर उलट तुम्हीच आमचं देणं लागाल."

"बरं, नाही विकत," व्यंकटेश चिडून म्हणाला. "अडवून ठेवतो. वर्षभर ठेवतो. पण मग ही चारही आण. त्यावरही माझी मेहनत आहे. उन्हात वाळवलंय, हे तूच ऐकलंस."

"ह्यांच्यावर तुमचा हक्क उरला नाही."

"का?"

"कारण ही तुमच्या हातात नाहीत. लिएन ताब्याबरोबर जगतो, मामा. माल आपणहून मालकाच्या हवाली केला की तो संपतो. परत मागून जिवंत होत नाही."

व्यंकटेश हसला. या प्रश्नाची तयारी त्यानं वकिलाकडून करून आणली होती, ते दिसत होतं. "हवाली कुणी केला? मी ठेवायला दिली होती. आमच्याकडची रीत आहे, पोरी, तुला ठाऊक नसेल. बियाण्याचं भात गिरणीच्या छपराखाली रात्र काढत नाही. जिथं दाणा भरडतात तिथं बी झोपवायचं नाही. आई सांगायची, अक्का सांगायची. म्हणून लॉरी रेड हिल्सला उतरवायच्या आधी मी वाट वाकडी करून इथं आलो, दिवेलागणीच्या आत. ही चार इथं ठेवली. माझीच म्हणून ठेवली. हे घर म्हणजे माझं गोदाम समज. ताबा माझाच."

हरिप्रियेनं नोटीस पुन्हा उलगडून पाहिली. मानाजींना तिचा चेहरा पाहून कळलं, की तिच्या मुद्द्यात, गिअरच्या दाताला असते तशी, खाच आहे.

"कशासाठी ठेवली, त्यावर आहे ते," ती सावकाश म्हणाली. "सांभाळायला ठेवली असतील तर मामांचं म्हणणं उभं राहू शकतं. मालकाला पोचती केली असतील तर नाही. ठेवताना काय बोलणं झालं, ते पाहिजे. अप्पा, तुम्ही होतात ना?"

मानाजींनी आठवून पाहिलं. तो दिवस त्यांना धुक्यासारखाही आठवत नव्हता. ते आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते. बाहेर कुणीतरी आलं, काहीतरी ठेवलं, दार लागलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर फोटोखाली चार पोती.

"मी आत होतो," ते म्हणाले.

"मी सेकंड शिफ्टला गेलो होतो," अक्षत म्हणाला.

"मी ऑफिसात," हरिप्रिया म्हणाली.

"झालं तर," व्यंकटेश म्हणाला. "मी सांगतो तेच खरं. ठेवायला दिली होती. वेंकटला बोलावतो, माझा ड्रायव्हर, खाली लॉरीत आहे. चार पोती, दोन खेपा."

त्यानं खिशातून फोन काढला.

मानाजी पोत्यांपुढं आडवे उभे राहिले. अडुसष्टाव्या वर्षी, लुंगीवर, उघड्या अंगानं, कपाळाला मासिकाचं गंध. "बोलाव," ते म्हणाले. "त्याला सांग, आधी म्हातारा उचलायचा, मग पोतं. म्हातारा पोत्याहून हलका आहे, पण अडकून बसतो."

"अप्पा!" अक्षत ओरडला.

"तू गप्प बस. तिच्या हयातीत मी तिला विचारलं नाही, की तू त्या चिखलात काय करतेस. तेवढं माझं पाप मला पुरे. तिच्या मागं तिचं बी घराबाहेर जाऊ दिलं हे दुसरं मी डोक्यावर घेणार नाही. रोप कधी टाकतात ते मला येत नाही. गिअरबॉक्सही येत नव्हता. शिकलो. बोलाव वेंकटला."

व्यंकटेशचं बोट फोनवर होतं. तेवढ्यात कनका उठली. पानाचं तबक तिनं ओट्यावर ठेवलं, लुगड्याला हात पुसले.

"फोन ठेवा," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू मध्ये येऊ नको."

"मी मध्येच होते हो. लॉरीत तुमच्या आणि वेंकटच्या मध्ये बसून आले होते त्या दिवशी. विसरलात?" ती हरिप्रियेकडं वळली. "तुला ठेवताना काय बोलणं झालं ते पाहिजे ना? ऐक. बाहेरचं दार उघडंच होतं. भावजी आत होते. चारही पोती ह्यांनी स्वतः खांद्यावरून आणली, वेंकटला हात लावू दिला नाही. लिफ्टमध्येसुद्धा खाली टेकवलं नाही. इथं ठेवली. प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, ते अजून आहे बघ. मग अक्काच्या फोटोपुढं हात जोडून उभे राहिले आणि रडले. आणि म्हणाले, 'अक्का, तुझं तुला पोचलं.'"

 खाली रस्त्यावर कुठलीशी बस हॉर्न वाजवत गेली.

"म्हणालात की नाही?" कनकानं विचारलं. "तिच्यापुढं उभे आहात आत्ता. नाही म्हणून सांगा. मग मीच दोन पोती उचलते."

व्यंकटेशनं फोटोकडं पाहिलं. फोटो सईबाईच्या साठीचा होता. ती त्यात नेहमीसारखी, लवकर काढ की बाबा, अशा चेहऱ्यानं बसली होती.  फोन खिशात गेला.

"म्हणालो," तो म्हणाला.

हरिप्रियेनं नोटिशीची घडी घातली. 

मानाजी आत गेले आणि एक पाकीट घेऊन आले. ते कालपासून तयार होतं. "कापणी, वाळवणी, सफाई, पोत्यांची भराई. तुझ्याच गिरणीचे दर आहेत, फळ्यावर लिहिलेले. अक्षतनं काल जाऊन फोटो काढून आणला."

व्यंकटेशनं अक्षतकडं चमकून पाहिलं. अक्षत जमिनीकडं बघत म्हणाला, "अप्पांनी पाठवलं. मला वाटलं तडजोडीसाठी लागेल, मामा. बोअरवेलचं मला आज कळलं." मग थोडं थांबून, "मक्त्याचं मी मघाशी बोललो, ते मागं घेतो."

"पाकीट घे आणि पावती लिही," मानाजी म्हणाले. "उद्या दहा वाजता मी लॉरी घेऊन येतो. अठ्ठावन्न पोती मोजून घेईन. बोअरचं तुला वाटत असेल तर कोर्टात जा, मी येईन, तारखेला वेळेवर येईन. मला आता कामच काय आहे?"

व्यंकटेशनं उभ्या उभ्या, नोटिशीच्याच पाठीवर पावती लिहिली.  दारात चपला घालताना तो थांबला.

"दर संक्रांतीला अक्का मला माप भरून, पडीभर बी द्यायची," तो पाठमोराच म्हणाला.

"द्यायची," मानाजी म्हणाले. "तू मागायचास, ती द्यायची. हक्कानं नेलं नाहीस कधी. आजही मागून ने."

व्यंकटेश उभा राहिला. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, गेली. मग तो जिन्यानंच उतरू लागला. सात मजले.

कनका मात्र गेली नाही. तिनं आपली कापडी पिशवी झटकून पुढं धरली. "भावजी, पडीभर बी द्या. मी मागते."

मानाजींनी देवघरातली पितळेची पडी आणली. सईबाईचं माप, आठ ओंजळी धान्य मावणारं, वरचा काठ घासून पातळ झालेला. मग ते पहिल्या पोत्यापुढं बसले आणि तोंडाची शिवण ओढली. दोरा उसवायच्या ऐवजी आवळला. पुन्हा ओढला, गाठ बसली. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा कनकानं त्यांचं मनगट धरलं.

"ह्या टोकानं नाही. उजवीकडून. एक दोरा कापायचा आणि दुसरा ओढायचा. बघा."

सर्रकन सगळी शिवण निघाली. हळदीचा वास आला, आणि भाताचा. मानाजी बघत राहिले. "पुन्हा दाखव," ते म्हणाले, आणि दुसऱ्या पोत्याचं तोंड त्यांनी स्वतःच्या हातानं उसवलं, गरज नसताना.

पडी भरून त्यांनी पिशवीत ओतली. कनका पिशवीची गाठ मारायला लागली तेव्हा ते म्हणाले, "थांब," आणि वर एक ओंजळ टाकली. सईबाई टाकायची तशी.

"ते खाली लॉबीत उभे असतील," कनका म्हणाली. "वर यायला लाजतात. काही सांगू का?"

"उभा राहू दे." मानाजींनी उघड्या पोत्यांची तोंडं मुठीत धरली आणि सुतळी गुंडाळायला घेतली. "सांग त्याला, रोप आवणी महिन्याच्या शेवटी टाकतात की पुरट्टासी महिन्याच्या सुरुवातीला, ते मला कळवायचं. फोन करायचा नाही. बांधावर येऊन सांगायचं. मी तिथं असेन."

कनका गेली. अक्षत बापाजवळ खाली बसला आणि सुतळीचं दुसरं टोक धरायला हात पुढं केला. मानाजींनी ते त्याला दिलं. दोघांनी मिळून गाठ मारली. वाईट बसली. ती त्यांनी तशीच राहू दिली.